कावळा कडी लावत नाही

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचे बोंबील कावळ्यांनी नेले नाहीत. मी नेले. काळ्या पिशवीत भरले, लिफ्टने खाली आणले आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्यात अगदी तळाशी दडपले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कर्णिककाकांविषयी मोकळेपणाने लिहिता येईल. नाहीतर मी त्यांच्या गमती सांगत बसेन आणि स्वतःचं तेवढं गाळून टाकेन. मला तशी सवय आहे.

अच्युत कर्णिक माझ्या समोरच्या दारात राहतात. एका रंगाच्या कंपनीत खरेदी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर दादरची जागा सोडून इकडे पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला आले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं आणि खिशात कायम दोन पेनं. एक स्वतःचं आणि दुसरं येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी. कारण काकांच्या मते संशोधन करणारा विद्यार्थी सगळं आणतो, पेन विसरतो.

काकांचा छंद जगावेगळा होता. कुठल्याही विद्यापीठातल्या कुठल्याही मुलाला संशोधनासाठी कुणी माणूस हवा असेल, तर तो माणूस व्हायला काका तयार. त्यांना प्रश्न विचारा, त्यांची लाळ घ्या, त्यांच्या कानाला यंत्र लावा, त्यांना झोपवून त्यांचं घोरणं मोजा. "विषय कुठलाही चालेल," असं ते दारातच सांगून टाकत. बातमी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेली. विज्ञानवाले यायचे, इंजिनिअरिंगवाले यायचे, टाय लावलेली मॅनेजमेंटची मुलं यायची. आमचा वॉचमन रजिस्टरमध्ये 'कुणाकडे जायचं' हा रकाना न विचारताच भरायचा. पाठीवर बॅग आणि चेहऱ्यावर काळजी दिसली, की कर्णिक.

प्रत्येक अभ्यासाच्या सुरुवातीला एका कागदावर सही करावी लागते. मी स्वखुशीने यात भाग घेत आहे, माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही, वगैरे. ते 'स्वखुशीने' काकांच्या जिभेवर बसलं ते कायमचंच. काकूंनी कारल्याची भाजी वाढली की, "स्वखुशीनं खातोय, नोंद घ्या." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून, "मी स्वखुशीनं विरोध करतोय." एकदा मला जिन्यात भेटले, पाठीला उसण भरलेली. मी म्हटलं, "काय झालं काका?" तर म्हणाले, "हे मात्र स्वखुशीनं नाही."

एका मुलाला यंत्राला मराठी शिकवायचं होतं. त्यासाठी त्याला म्हाताऱ्या माणसांचे आवाज हवे होते. वाक्यं त्याने दिली होती, शांत जागी बसून मोबाइलवर रेकॉर्ड करायची. आमच्याकडे शांत जागा म्हणजे बाथरूम. काका आत स्टूल घेऊन बसले, कडी लावली आणि खणखणीत आवाजात एकेक वाक्य पुन्हा पुन्हा वाचू लागले. "कृपया दार उघडा." "मला भूक लागली आहे." "इथे फार अंधार आहे." डक्टमधून आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत पोचला. वरून मेहताभाई धावत आले, खालून वॉचमन आला, मी बनियनवरच बाहेर पडलो. काकूंनी दार उघडलं तेव्हा आम्ही तिघे त्यांच्याकडे आरोपीकडे बघावं तसे बघत होतो.

"कोंडलं नाहीये मी त्यांना," काकू म्हणाल्या. "कोंडलं असतं तर आधी तोंड नसतं का बांधलं?"

दुसऱ्या एका मुलीने काकांच्या कमरेला एक पट्टा बांधला होता. वयस्कर माणसं चालताना तोल कधी जातो, ते त्यात कळतं म्हणे. अट एकच, चाल नेहमीसारखी हवी. काका संध्याकाळी पट्टा बांधून बिल्डिंगभोवती फिरत. एके दिवशी पार्किंगमधलं कुत्रं मागे लागलं. आम्ही वरून ओरडतोय, "काका, पळा, पळा!" आणि काका आपले नेहमीच्या चालीने चालतायत. कुत्रंच गोंधळून थांबलं. वर आल्यावर मी रागावलो, तर म्हणाले, "पळालो असतो तर त्या मुलीची आठवड्याची मेहनत फुकट गेली असती, राणे. कुत्र्याला काय, ते कुणाच्याही मागे लागतं."

मॅनेजमेंटची दोन मुलं बिस्किटाच्या पुड्याच्या रंगावर अभ्यास करत होती. निळा पुडा बघून विश्वास वाटतो का? पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, असहमत. दुसरा कुणी उभ्या उभ्या खूण करून मोकळा झाला असता. काकांनी त्यांना नंतर बोलावलं, मधल्या काळात निळे, पिवळे, लाल असे पुडे आणून खाल्ले आणि मग उत्तर दिलं. अंशतः सहमत. काका नेहमी अंशतःच असायचे. "पूर्णतः म्हटलं की पुढे बोलायला जागाच उरत नाही," असं त्यांचं म्हणणं.

"मी पसंत आहे का विचारलं होतं माझ्या वडिलांनी," काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "तेव्हाही यांनी 'तशी बरी आहे' असंच कळवलं होतं. अंशतः!"

काकूंचा या सगळ्याला विरोध नव्हता, पण जिभेला त्यांनी सुट्टीही दिली नव्हती. पर्यावरणाच्या एका विद्यार्थ्याला घरातली धूळ हवी होती, म्हणून हॉलमधला पंखा पुसायला बंदी झाली. आल्यागेल्याला काकू वर बोट दाखवून सांगत, "ती धूळ आमची नाही हो. विद्यापीठाची आहे. आम्ही नुसते सांभाळतो."

मुलं निघाली की काका त्यांना लिफ्टपर्यंत सोडत आणि प्रत्येकाला एकच सांगत, "निष्कर्ष कळवा हं." सगळी मान डोलवत. कळवलं कुणीच नाही. त्यांची डिग्री झाली असेल, नोकरी लागली असेल, कुणाला आठवण राहते? काका मात्र कधीतरी सहज म्हणायचे, "निळ्या पुड्याचं पुढे काय झालं असेल, राणे?"

परत येऊन निष्कर्ष सांगणारी एकच निघाली, जेसिंता. समुद्रकाठच्या उत्तनची मुलगी. वडिलांची बोट, आई मासे सुकवते. पहिल्यांदा ती बिल्डिंगमधली माणसं सुकी मासळी खातात का, हे विचारायला आली होती. काही महिन्यांनी मुद्दाम पुन्हा आली आणि सांगून गेली, की खाणाऱ्यांना आवडते खूप, पण शेजारी काय म्हणतील म्हणून बरेच जण घरी आणत नाहीत. आणि शेजाऱ्यांना विचारलं तर त्यातल्या पुष्कळांचं काही म्हणणंच नसतं. काकांनी मला हाक मारून बोलावून घेतलं. "ऐकलंत राणे? निष्कर्ष!" मुलगी पहिली आल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. तो निष्कर्ष माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक!

मग जेसिंताचं पुढचं काम सुरू झालं. उत्तनला बोंबील उघड्यावर बांबूच्या आडव्या दांड्यांवर सुकतात. धूळ बसते, माश्या बसतात, ढग आले की पळापळ. तिने काचेची एक पेटी केली होती, आत उन्हावर चालणारा छोटा पंखा आणि गरमी, दमटपणा मोजणारं यंत्र. समुद्राच्या वाऱ्याशिवाय, बिल्डिंगांच्या गर्दीत ती पेटी कशी चालते हे तिला बघायचं होतं. काकांनी गच्चीसाठी मला विचारलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी.

"सोलरचं आहे एक. विद्यापीठाचं."

"सोलर ना? मग ठेवा की," मी म्हटलं. आत काय असणार, ते मी विचारलं नाही. त्यांनीही मी विचारेन म्हणून वाट बघितली असावी.

काका रोज सकाळी वर जाऊन बोंबलांचं वजन करत आणि जेसिंताला फोनवर कळवत. पावसाआधी शेवटची खेप सुकली, की तिचं काम पुरं होणार होतं.

त्या दुपारी मी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो. वास आला. फार नव्हता, पण आला. पेटीची कडी काढून बघतो तर आत बोंबलांच्या रांगा. गच्चीच्या बरोबर खाली मेहताभाईंचं घर. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पूजा, पाहुणे येणार. मेहताभाई कांदासुद्धा न खाणारे. मेहताभाईंनी तक्रार केली नव्हती. कुणीच केली नव्हती. पण मी मनातल्या मनात त्यांची तक्रार ऐकली, मनातच माफी मागितली, मनातच मीटिंग झाली, मनातच राजीनामा दिला. आणि हातांनी मात्र खरोखरचे बोंबील उपसून पिशवीत भरले. पेटीची कडी पुन्हा लावली. सेक्रेटरीचा हात, दार उघडं टाकवत नाही.

लिफ्ट नेमकी आमच्या मजल्यावर थांबली आणि काका आत आले.

"काय उकडतंय ना काका," मी म्हणालो. "यंदा हापूस काही खरा नाही. नाल्याचं कामही रखडलंय बघा. बाकी तब्येत?" मी लिफ्टमध्ये कधी कुणाशी बोलत नाही. काकांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुम्हाला बरं वाटतंय ना, राणे?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फोन केला म्हणून जेसिंता आली. मीही वर गेलो. न जाणं जास्त संशयास्पद दिसलं असतं. बघतो तर पेटी रिकामी आणि दार सताड उघडं. मी चक्रावलो. कडी लावली होती मी! लावली होती ना?

"माझी चूक आहे, पोरी," काका तिला सांगत होते. "काल वजन घेतलं आणि कडी नीट लावली नाही. कावळ्यांनी डल्ला मारला."

जेसिंता उकिडवी बसून कडी पुन्हा पुन्हा लावून बघत राहिली. आणि मी, न विचारता, म्हणालो, "कावळे फार झालेत हो हल्ली इकडे." बोंबील फेकले त्यापेक्षा हे वाक्य मला अजून जास्त टोचतं.

एवढ्यावर भागलं नाही. जेसिंताच्या गाइड मॅडमचं म्हणणं पडलं, की जी कडी एका म्हाताऱ्या माणसाकडून नीट लागत नाही, ती उत्तनच्या बायका कामाच्या घाईत कशी लावणार? पेटीचं दारच चुकलंय. दार बदला, सगळी मोजणी पहिल्यापासून करा. पावसाआधी ते होणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिचं वर्ष गेलं. ज्या कडीत काही दोष नव्हता, तिच्यापायी.

आणि समोरच्या दाराची बेल वाजेनाशी झाली. खरं तर वाजली एकदा. मी आतून ऐकत होतो. कुठल्याशा कॉलेजची मुलं म्युच्युअल फंडाविषयी विचारायला आली होती.

"मला वगळा," काका म्हणाले. "मी सध्या अपात्र आहे."

"काका, साठीच्या वरचं कुणीही चालतं आम्हाला."

"वय चालतं हो. माणूस चालत नाही."

काही दिवसांनी काकू आमचं उंच स्टूल परत द्यायला आल्या. पंखा पुसायला नेलं होतं म्हणाल्या. विद्यापीठाची धूळ पुसली गेली, हे ऐकून मला कसंसंच झालं.

"जेवणात लक्ष नाही त्यांचं," काकू उभ्या उभ्याच बोलू लागल्या. "म्हणतात, एवढे जबाब दिले, पण खोटा हा पहिलाच. मी विचारलं, कसला खोटा, कुणासाठी? तर गप्प. तुम्ही शेजारी आहात, तुम्हाला काही बोलले का?"

मी स्टूल उगाचच या हातातून त्या हातात घेतलं.

"तुम्हाला वाटत असेल, यांना काही काम नाही म्हणून हे खूळ," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता. "मला रक्ताचा आजार झाला होता, दादरला असताना. डॉक्टर म्हणाले, गोळी नवीनच निघालीय, पूर्वी असे पेशंट फार दिवस काढत नसत. मला लागू पडली. मी ही तुमच्यासमोर उभी आहे. तर यांनी डॉक्टरांना काय विचारावं? ही गोळी आधी कुणावर तपासली? मला त्यांना भेटायचंय, आभार मानायचेत. डॉक्टर हसले. म्हणाले, तशी माणसं कुठे कुठे असतात, नावं गुप्त ठेवतात. तेव्हापासून हे सुरू झालं. मी एकदा म्हटलं, अहो, औषधाचं समजू शकते, पण बिस्किटाच्या पुड्याचं काय? तर म्हणाले, शालिनी, ज्याने ती गोळी घेतली, त्याला तरी कुठे ठाऊक होतं ती कुणाच्या उपयोगी पडणार?"

काकू गेल्या. मी स्टुलावर बसून राहिलो.

माझ्याकडे अजून एक निमित्त शिल्लक होतं, मेहताभाई. सोसायटीत बेबनाव नको, म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला सांगत होतो. तेव्हा आधी वर गेलो. मेहताभाईंना सगळं सांगितलं, गच्चीवर काय होतं, मी का काढलं.

"मालूम है, राणेजी," ते म्हणाले. "नापनेवाली मशीन चार्ज करने का वायर तो मेरे घर से जाता था."

"म्हणजे... आपको पता था, अंदर क्या है?"

"बच्ची ने पहले दिन ही सच बोल दिया. मैंने कहा, बेटा, ढक्कन बंद रखना, खिड़की मैं बंद कर लूँगा. पढ़ाई का काम है." मग म्हणाले, "आप एक बार पूछ लेते."

जेसिंताचा निष्कर्ष! बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. सेक्रेटरी सोडून.

रविवारी जेसिंता पेटी न्यायला येणार होती. मी समोरची बेल दाबली. जेसिंता पोहे खात होती, काका खिडकीशी बसले होते. काकू म्हणाल्या, "या, बसा." मी बसलो नाही. बसलो असतो तर हापूसविषयी बोललो असतो.

"बोंबील मी फेकले," मी म्हटलं. "कावळे नव्हते. कडी नीटच होती. मी काढली आणि मीच परत लावली."

जेसिंताचा चमचा बशीत पडला.

"म्हन्जे दार बरोबर हाय?" ती ओरडली. आमच्याशी ती नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलायची. "दाराला काय झालेलं न्हाय?" तिने तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. बोलताना तिचं एक उष्टं बोट हवेत तसंच होतं. मॅडम आधी पुष्कळ बोलल्या. त्यातला काही भाग माझ्याविषयी असावा, कारण जेसिंता माझ्याकडे बघून नुसतं "हो ना, हो ना" म्हणत होती. पण फोन ठेवल्यावर तिने सांगितलं, की दार तेच राहणार, जुनी मोजणी धरली जाणार, फक्त शेवटची खेप पुन्हा सुकवायची. तेवढे दिवस पावसाआधी मिळत होते. माझा श्वास इतका मोठा सुटला, की काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पण काका," जेसिंता म्हणाली, "मी आले तेव्हा दार उघडं होतं."

"ते मी उघडलं," काका म्हणाले. "सकाळी वर गेलो तर पेटी रिकामी आणि कडी लावलेली. कावळा कडी लावत नाही, पोरी. म्हणून मग काढून ठेवली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?" मी विचारलं.

"लिफ्टमध्ये तुम्ही हापूसपासून नाल्यापर्यंत आलात, तेव्हाच शंका आली होती. शिवाय वास."

"मग माझं नाव का नाही घेतलं तुम्ही?"

"इतका घाबरलेला माणूस मी फार दिवसांत बघितला नव्हता, राणे. वाटलं, याला थोडा वेळ द्यावा, आपणहून सांगेल. पण माझ्या खोट्याने हिचं दार अडकेल, हे माझ्या लक्षात आलं नाही. नंतर रोज म्हणायचो, आज राणे येतील." मग एकदम काकांनी माझ्याकडे वळून नेहमीच्या सुरात विचारलं, "हे स्वखुशीनं सांगताय ना? शालिनीनं तर नाही पाठवलं तुम्हाला?"

"स्वखुशीनं," मी म्हटलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी अजून फक्त घडलेलं सांगितलं होतं. मागायचं होतं ते मागितलंच नव्हतं. मी आधी जेसिंताकडे वळलो आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राणेकाका, नव्या खेपेचं वजन आता तुम्ही करा," आणि पोह्यांकडे वळली. मग मी कर्णिककाकांसमोर उभा राहिलो. वाक्यं घोकून आलो होतो, त्यातलं एकही आठवेना.

"काका," मी म्हणालो, "तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. ते तुम्हाला किती जड गेलं, ते मी समोरच्या दारातून बघत होतो, आणि तरी गप्प बसलो. चुकलं माझं. मला माफ करा."

काकांनी खिशातली दोन्ही पेनं उगाचच काढून परत लावली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "बोला की. अंशतः?"

"पूर्णतः," काका म्हणाले.